‘दिसलं नाही’चं रजिस्टर

धुळ्याच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायला नवीन लागले, त्या आठवड्यात माझ्या भाड्याच्या खोलीच्या दाराच्या फटीत एक चिठ्ठी सापडली. वहीच्या पानाचा पाव तुकडा, निळी शाई, अक्षर काटकोनी. “मॅडम, आलो होतो. संध्या. ५.१० ते ५.२५. कडी दोनदा वाजवली. व्हरांड्यापर्यंत पाहिलं. दिसला नाहीत. कपाटाच्या चाव्या उद्या देतो.” मी म्हटलं, हा माणूस चाव्या द्यायला आला होता की पंचनामा करायला?

हे आमचे नाना. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत. अंगाने वाळलेले, चव्वेचाळीस डिग्रीतही पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि खिशाला पेनाऐवजी लाइनमनचा टेस्टर. मी बोदवडकडची, माझ्या जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी विचारलं, “नाना, टेस्टरने हजेरीपटावर सही करता का?” ते म्हणाले, “नाही मॅडम, त्याला पेन आहे. ते टेबलाला बांधलेलं आहे.” आणि खरंच होतं, सुतळीने.

त्यांच्या चिठ्ठ्यांवर कॉलेजात बरीच करमणूक चालायची. एकदा प्राचार्यांनी त्यांना पाठवलं, अमुक सर वर्गावर आहेत का जरा बघून या. दुसरा कोणी असता तर येऊन “नाहीत” म्हणाला असता आणि मोकळा झाला असता. नानांनी चिठ्ठी दिली: “खोली क्र. ७. ११.०५ ते ११.१७. खिडकीतून. विद्यार्थी चार. सर दिसले नाहीत. दारामागचा कोपरा पाहता आला नाही.” ते सर तावातावाने आले, की मी त्या कोपऱ्यातच उभा होतो. सगळे हसले. नाना हसले नाहीत. म्हणाले, “असाल सर. तो कोपरा मी पाहिला नव्हता, तसं लिहिलंय.”

मुलांच्या प्रयोगवह्यांवर मात्र त्यांची नजर करडी. लंबकाची वाचनं मुलं घरी बसून तयार करतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आम्हालाही. आम्ही सह्या ठोकतो. मी सही करायच्या आधी नाना वही माझ्यापुढे सरकवून हळूच म्हणत, “मॅडम, ह्याची सगळी उत्तरं फार चांगली आलीत. ह्याने लंबक हलवलेला दिसत नाही.” त्या पोराला ते रागवायचे नाहीत. स्टुलावर बसवून पुन्हा लंबक हलवायला लावायचे. “नाही जमलं तर नाही जमलं लिही. दिसलं नाही तर दिसलं नाही लिही. पण भाऊ, दिसलं नाही असं लिहायला आधी पाहावं लागतं.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याची नक्कल पाठ झाली होती, टेस्टर हलवण्यासकट.

निवृत्तीनंतर नाना साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव आहे तिकडे राहायला गेले. गच्चीवरून पवनचक्क्यांचे लाल दिवे ओळीने दिसतात असं ते गाव. तिथे त्यांनी गच्चीवर पत्र्याची खोली बांधली, आणि खोलीत दुर्बीण. आठ इंची आरसा त्यांनी स्वतः तीन वर्षं घासला होता. नळी म्हणजे बोअरिंगच्या केसिंगचा पाइप. तिच्या तोंडावरचं झाकण एक पितळी परात, सोनगीरच्या तांबटाकडून मापाने ठोकून आणलेली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, नाना, यातून चंद्र दिसेल की पाणी लागेल?

“दोन्ही नाही,” नाना म्हणाले. “स्फोट बघायचेत.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पुस्तकातून माहीत होतं, पण इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. लांब कुठेतरी, आपल्या कल्पनेपलीकडे लांब, एखादा मोठा तारा कोसळतो आणि त्यातून गॅमा किरणांचा झोत सुटतो. खेळ काही सेकंदांचा. वर फिरणारा उपग्रह तो टिपतो आणि आकाशात अमक्या जागी झाला म्हणून खाली कळवतो. त्या जागी मग थोडा वेळ साधा उजेडही असतो, पण तो मिनिटामिनिटाला विझत जातो. माणूस उठून, चष्मा शोधून, जिना चढेपर्यंत कारभार आटोपलेला असतो. म्हणून दुर्बिणीनेच निरोप घ्यायचा, तिनेच छप्पर सरकवायचं, वळायचं आणि फोटो काढायचा. कोणाला न विचारता.

“आपल्या शेतातल्या मोटरीला ऑटो नाही का बसवत?” नाना म्हणाले. शेतीची लाइट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीला शेतकरी घरी झोपलेला असतो आणि लाइट आली की मोटर आपली आपण चालू होते. नानांनी तालुक्यातले असे कितीतरी ऑटो दुरुस्त केले होते. “हेही तेच. फक्त लाइट जरा लांबून येते.”

त्यामुळे नाना हा मी पाहिलेला एकमेव आकाशनिरीक्षक, जो रात्री नऊला घोरायला लागायचा. गच्चीवर घंटा बसवा, निरोप आला की वाजेल, असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, “घंटा वाजली की माणूस धावतो, आणि माणूस धावला की कुठेतरी बोट लावतो.” भिंतीवर एकच मोठा स्विच होता, पंपाच्या स्टार्टरचा. एका बाजूला त्यांनी रंगाने लिहिलं होतं ‘आपोआप’, दुसऱ्या बाजूला ‘हाताने’. सूर्य मावळायच्या आत तो ‘आपोआप’वर पाहिजे, एवढाच घरातला कायदा.

सकाळी सहाला नाना वर जात. रात्री निरोप आला होता का, दुर्बीण वळली का, फोटोत काय आहे, सगळं बघून खाली येत. चुलीपाशी बसलेल्या अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, काही दिसलं का हे रोज न चुकता अहिराणीत विचारत, “काय, दखायनं का काही?”

“नही.”

“मंग चहा पी ल्या.”

मग नाना रजिस्टर उघडत. हे मात्र कडक प्रमाण मराठीत, सरकारी दप्तरासारखं. रकाने चार: तारीख, दिशा, उशीर, नोंद. उशीर म्हणजे निरोप सुटल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंतचे सेकंद. अडतीस, एकेचाळीस, एकदा तर एकोणतीस. आणि नोंदीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच: दिसलं नाही. दिसलं नाही. दिसलं नाही. साठ-सत्तर वेळा तरी असेल. कारण आठ इंचांच्या आरशाला दिसावा इतका उजेड क्वचित होतो, आणि झाला तर तो अमेरिकेवर होतो, नाहीतर आपल्याकडे भरदुपारी. जगभरचे निरीक्षक असे निकाल एकमेकांना इमेलने कळवतात. नानाही कळवत, चार ओळींच्या इंग्रजीत. अमुक सेकंदांनी पाहिलं, इतक्या तेजापर्यंतचं काहीही दिसलं नाही.

“कंटाळा येत नाही का हो?” मी एकदा विचारलं.

“कुणीतरी परदेशात बसून ह्याचा आलेख काढत असेल, मॅडम. त्याला तिथे काही नव्हतं हे कळायला नको? आपण पाहून कळवलं की त्याचं काम अडत नाही.” मग म्हणाले, “पण एकदा दिसावं. खोटं कशाला बोलू. एकदा दिसावं असं वाटतं.”

त्या घरात दुर्बिणीइतकाच दबदबा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा होता. उन्हाळा लागला की अक्का आणि शेजारच्या बाया ज्वारीचं पीठ भिजवून शिजवून ओल्या धोतरावर बिबड्या घालत. वाळवायला सगळ्या गावात सर्वांत तापणारी जागा कोणती, तर नानांच्या खोलीचं पत्र्याचं सरकतं छप्पर. हा शोध अक्कांचा. नानांनी विरोध केला नाही. पाच वाजता धोतरं उचलायची, एवढी अट घातली. पहिल्या वर्षी कोणीतरी विसरलं, आणि छप्पर सरकून बिबड्या थेट खालच्या गोठ्यात गेल्या. नानांनी त्याचीही नोंद ठेवली होती.

त्या वर्षी वैशाखात नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. धुळ्याला चार दिवस, पुढे पट्टी. मला सुट्टी होती. मीच म्हटलं, मी राहते गावी, यंत्र सांभाळते. माझा त्यात थोडा स्वार्थही होता. जळगावच्या एका कॉलेजात माझं जायचं घाटत होतं, आणि असल्या कामाचा अनुभव अर्जात बरा दिसतो. जाताना नानांनी मला सूचना दिली. कागदावर लिहून नाही, तोंडी: “काही करायचं नाही. एवढंच करा.”

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. अख्ख्या खानदेशात आखाजीपेक्षा मोठा सण नाही. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खाऊन सगळ्या जडावलेल्या. त्या गडबडीत बिबड्या घालायलाच दुपार झाली होती. साडेसहाला मी गच्चीवर गेले तर छपरावर पाच धोतरं पसरलेली, वरून कोरडी वाटणारी, आतून ओली. मी खाली हाक मारली.

“आते नको माय,” अक्का म्हणाल्या, “वल्ल्या शेतस, फाटी जातीन. गानं व्हवू दे, मंग उचलसूत.”

मी स्विचकडे पाहिलं. ‘आपोआप’. छप्पर सरकलं की पाच घरांची बेगमी गोठ्यात. अर्ध्या तासाचा तर प्रश्न. मी स्विच ‘हाताने’वर केला आणि खाली गेले. गौराईची गाणी सुरू झाली होती. मला कोणीतरी झोक्यावर बसवलं. बोदवडकडची गाणी वेगळी, त्यावरून माझी टिंगल झाली, मग मीही सोडलं नाही, आमच्याकडची चार म्हणून दाखवली. फार वर्षांनी मी इतकी हसले. दहा वाजेपर्यंत तापलेल्या पत्र्यावर बिबड्या वाळल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी मिळून धोतरं उचलली, आणि मी तो स्विच ‘आपोआप’वर करून झोपले.

निरोप आला होता सात पन्नासला.

सकाळी मला ते दिसलं. दुर्बीण उठली होती, छप्पर मिटलेलं पाहून थांबली होती. दिवसभरात बाहेरचे इमेल आले. युरोपात तेव्हा उजेड होता, आपल्या पूर्वेला पाऊस. सहा तासांनी पहिल्या कोणालातरी तो सापडला, आणि तेव्हाही बऱ्यापैकी ठळक. मागे हिशेब केला तर पहिल्या मिनिटात तो आठ इंची आरशाला अगदी सहज दिसला असता. त्या मिनिटाला अंधार होता तो आमच्यावर, आणि आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नानांनी ज्याच्यासाठी आरसा घासला ते मिनिट हे होतं, आणि मी झोक्यावर होते.

मी धुळ्याला गेले. नाना कॉटवर, एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याला आधीच कमी दिसायचं. मी सगळं सांगितलं. निरोप आला, मोठा होता, आपल्याला मिळाला नाही. नानांनी विचारलं, “का?”

मी म्हटलं, “ढग होते, नाना.”

कसं तोंडातून निघालं ते मला आजही सांगता येत नाही. वैशाखात, साक्रीला, ढग. नानांनी विचारलं, “कोणत्या दिशेला?”

“सगळीकडेच.”

“होतात कधीकधी,” ते म्हणाले. आणि मला लिहायला सांगितलं. मी रजिस्टर बरोबर नेलंच होतं. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच माझ्या अक्षरात नोंद झाली: ‘आकाश ढगाळ. पाहता आलं नाही.’ इमेलही मीच पाठवला, त्यांच्या नावाने.

पुढचं मला फार उशिरा अक्कांकडून कळलं. नाना घरी आले, पट्टी सुटली. एका दुपारी अक्कांनी बिबडी भाजून दिली. नानांनी ती मोडली तर कडकन वाजली. त्यांनी विचारलं, “ह्या कोणता दिनन्या?” अक्का म्हणाल्या, “आखाजीन्या. एकच उन्हमा वाळी ग्यात.” नाना हातातला तुकडा तसाच धरून बसले. ढगाळ दिवशी बिबडी वाळत नाही, हे त्या घरात लहान लेकरालाही कळतं. मग ते उठून वर गेले आणि यंत्राची दिवसवार नोंद काढून बघितली. स्विच किती वाजता हलला ते यंत्राने लिहून ठेवलं होतं. भौतिकशास्त्राची प्राध्यापक मी, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मी तोवर जळगावला रुजू झाले होते. तिथे एका सकाळी जगभर गेलेला तो इमेल मलाही आला. नानांच्या इंग्रजीत चार वाक्यं: आमचा आधीचा अहवाल चुकीचा आहे. आकाश निरभ्र होतं. छप्पर बंद होतं. चूक आमची आहे.

आमची. माझं नाव नाही, निमित्त नाही, डोळ्याच्या पट्टीचा उल्लेखसुद्धा नाही. जगाच्या चार टोकांना बसलेल्या लोकांपुढे त्या माणसाने इतक्या वर्षांचा चोख हिशेब स्वतःच्या हाताने डागाळून घेतला. मला एक फोन करायचा होता, फक्त एक. मी केला नाही. आज करू, उद्या करू, असं म्हणत दिवाळी आली.

दिवाळीनंतर एका दुपारी मी झोपले होते. बेल वाजली. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर फाटकाशी नाना. गळ्यापर्यंत बटणं, हातात पिशवी. मी मागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले, तोंडाला पदर लावून, चोरासारखी. बेल आणखी दोनदा वाजली. पुष्कळ वेळाने दार उघडलं तेव्हा कडीला पिशवी होती, बिबड्यांची, आणि फटीत चिठ्ठी.

“मॅडम, आलो होतो. दुपारी ४.१० ते ४.३२. बेल तीनदा. दिसला नाहीत. पंखा चालू होता.”

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली असेल. ‘घरात असून दार उघडलं नाही’ असं त्यांनी लिहिलं नव्हतं. ते त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहिला होता फक्त पंखा.

लाज वाटते सांगायला, पण त्यानंतरही मी सहा-सात महिने गेले नाही. मग प्रात्यक्षिक परीक्षेत एका पोरीची वही हातात आली. लंबकाची वाचनं, सगळी सुरेख. मी तिला फैलावर घेतलं, “आकडे घरी बनवलेस ना? लंबक तरी हलवलास का? दिसलं नाही असं लिहायला आधी...” आणि मी तिथेच थांबले. पोरगी बिचारी घाबरून माझ्याकडे बघतेय, बाहेरून आलेले परीक्षक बघताहेत. मी तिला पाणी दिलं आणि पुन्हा लंबक हलवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची धुळे गाडी, तिथून साक्री, तिथून जीप. नाना नव्हते. मुलाकडे सुरतला गेले होते, दोन दिवसांनी येणार. अक्कांनी जेवायला वाढलं आणि ती बिबडीची हकीकत सांगितली, कसलाही ठपका न ठेवता, पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तशी. “त्या दिन ते जेवनात नही,” एवढंच म्हणाल्या. जेवण झाल्यावर मी वहीचं पान फाडलं, पाव तुकडा केला आणि लिहिलं:

“नाना, आले होते. १२.४० ते ३.१५. दिसला नाहीत. आखाजीला आकाश मोकळं होतं. स्विच मी फिरवला. ढग होते हे मी खोटं सांगितलं. दिवाळीनंतर तुम्ही आलात तेव्हा मी घरात होते.”

ती दाराच्या फटीत खोचली. अक्का घरात असताना दारात चिठ्ठी कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.

नानांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, तो दुर्बिणीच्या यंत्रातला एक रिले जळला म्हणून. जळगावच्या बाजारात मिळतो का बघा. मी दोन तास दुकानं पालथी घातली आणि त्यांना कळवलं, कोणत्या कोणत्या दुकानांत पाहिलं, कोणतं बंद होतं, कुठे मिळाला नाही. “छान,” नाना म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आता नाना आणि अक्का दोघंही सुरतला असतात. गुडघे जिना चढू देत नाहीत, आणि मुलाच्या गच्चीवरून दिव्यांपलीकडे काही दिसत नाही. दुर्बीण गावीच आहे, गच्चीवर, ‘आपोआप’वर. महिन्यातून एकदा मी जाते, परातीवरची धूळ पुसते आणि परत येते. किल्ली देताना नानांनी रजिस्टरही माझ्या हातात ठेवलं. “आता नोंदी तुम्ही करायच्या.”

गाडीत बसल्यावर मी ते उघडलं. मला एकच पान बघायचं होतं. आखाजीच्या तारखेसमोर माझ्या अक्षरातली ‘आकाश ढगाळ’ ही ओळ. ती त्यांनी एका सरळ रेघेने खोडली होती, खालचं वाचता येईल अशी. तिच्याखाली माझी चिठ्ठी, चारही कोपरे डिंकाने नीट चिकटवलेली. उशिराच्या रकान्यात लिहिलं होतं: तेरा महिने, अकरा दिवस.

आणि नोंदीच्या रकान्यात, जिथे वरपासून खालपर्यंत इतकी वर्षं दिसलं नाही, दिसलं नाही असं दप्तरी मराठीत लिहिलेलं होतं, तिथे नानांनी घरच्या बोलीत एकच शब्द लिहिला होता.

दखायनं.